कार्बोरेटरचा जेट हा दस्तऐवज आहे

१/
नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे गाव आहे. १९५५ साली बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर उजेडात आले. त्याच जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावांत, घरांच्या ओट्यांशी उभ्या असणाऱ्या जुन्या मोटारसायकलींमध्येही थर साचलेले असतात. ते असतात कार्बोरेटरच्या वाटीत. हा थ्रेड त्या थरांविषयी आहे.

२/
प्रतिपादन आधीच स्पष्ट करणे बरे. गेल्या चाळीस वर्षांत भारतातील पेट्रोल अनेकदा बदलले. प्रत्येक बदलाचा निर्णय दिल्लीत झाला, पण जुन्या गाडीला नव्या पेट्रोलशी जुळवून घेण्याचे काम रस्त्याकडेच्या गॅरेजमधील फिटरने केले, आणि त्याचे पैसे गाडीमालकाने दिले. या श्रमाची आणि खर्चाची नोंद कोणत्याही अहवालात नाही. ती पितळेच्या एका लहानशा तुकड्यावर, म्हणजे जेटवर, आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती वाचली पाहिजे.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. नळीची वाट अरुंद झाली की तेथून जाणाऱ्या प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवगतीवरील ग्रंथात वेग आणि दाब यांचे नाते मांडले. जोव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये अरुंद वाटेतील प्रवाहाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज कार्बोरेटरच्या गळ्याला त्याचेच नाव आहे. इंजिन हवा ओढते, गळ्यात दाब घटतो आणि वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येऊन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते.

४/
१८९३ च्या सुमारास हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाखने तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरची रचना सिद्ध केली. पुढची सव्वाशे वर्षे जगभरच्या दुचाकी याच तत्त्वावर धावल्या. या यंत्राला विजेची, संगणकाची वा संवेदकाची गरज नाही. मात्र त्याची एक मर्यादा आहे: ज्या पेट्रोलसाठी आणि ज्या हवेसाठी त्याची छिद्रे ठरवली, त्यांपैकी काहीही बदलले तर त्याला ते आपणहून कळत नाही. कुणीतरी ते त्याला सांगावे लागते.

५/
सांगण्याची साधने चार. बंद ते पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचा अंमल असतो. त्याच टप्प्याच्या शेवटी स्लाइडच्या कापाचाही परिणाम होतो. पाव ते पाऊण थ्रॉटल हे निडलचे राज्य. तिच्या खाचांतली क्लिप एक खाच खाली बसवली की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. पाऊणच्या पुढे मेन जेट. गाडी नेमकी कोणत्या टप्प्यात अडखळते हे ओळखले की कुठे हात घालायचा ते कळते. चांगला फिटर ही चारही साधने आवाजावरून वेगळी करतो.

६/
जेटवरील आकडा वाचतानाही इतिहास लागतो. काही कंपन्यांचा आकडा म्हणजे ठरावीक परिस्थितीत मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहते ते. काहींचा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एका कंपनीचा १०० हा दुसऱ्या कंपनीचा १०० नव्हे. शेर आणि कुडव प्रत्येक परगण्यात वेगळे असत, हे महसुली कागद वाचणाऱ्यांना माहीत असते. जेटचे तसेच आहे. मापाचे मूळ न पाहता आकडा उचलणारा दोन्हीकडे फसतो.

७/
या मापांमागे देशोदेशींची कारखानदारी उभी आहे. ब्रिटनमध्ये १९२७ साली तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन अमाल ही कंपनी झाली. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटबरोबर अमालचे कार्बोरेटर भारतीय रस्त्यांवर स्थिरावले. मुंबईत जावाची विक्री करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा उभारली. १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि त्यांच्याबरोबर झेक धाटणीचा जिकोव्ह आला. फाळणीनंतरच्या भारताचे परराष्ट्र व्यवहार इंजिनांच्या गळ्यातही असे उमटलेले दिसतात.

८/
१९८० च्या दशकात वारे जपानकडून वाहू लागले. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही गाड्या बाजारात आल्या. १९८५ मध्येच औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढच्या वर्षी कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० आली. मिकुनी आणि केहिन ही नावे खानदेशातल्या फिटरच्या तोंडी बसली ती याच काळात. आज जुन्या गाड्या म्हणून ज्यांची निगा राखली जाते, त्यांतल्या बहुसंख्य या पिढीच्या किंवा तिच्या लगतच्या.

९/
आता पेट्रोलकडे वळू. पहिला थर शिशाचा. टेट्राइथिल लेडचा उपयोग १९२१ मध्ये अमेरिकेत हाती लागला. त्याने इंजिनाचा खडखडाट थांबे, पण विषारी शिसे धुरातून हवेत जाई. भारतात शिसे टप्प्याटप्प्याने कमी होत १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद योग्य होता. पण जुन्या फोरस्ट्रोक इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचे जे वंगण मिळत असे, ते थांबले.

१०/
त्याबरोबर एक जुने वाचनतंत्रही डळमळले. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा: बदामी असेल तर मिश्रण ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी. यातल्या बदामी छटेत जुन्या पेट्रोलमधील शिशाच्या राखेचाही हातभार होता. नव्या पेट्रोलवर प्लग अधिक फिका दिसतो. जुनी कसोटी तशीच लावणारा फिटर विनाकारण मोठा जेट बसवतो. साधन बदलले की साक्ष वाचण्याची रीत बदलावी लागते, हा नियम ग्रंथालयात जितका खरा, तितकाच गॅरेजमध्ये.

११/
दुसरा थर रॉकेलचा, आणि तो रक्ताने माखलेला आहे. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, या तफावतीवर भेसळीचा धंदा पोसला गेला. रॉकेलची वाफ सहज होत नाही; ते अर्धवट जळते, काजळी धरते, इंजिनात खडखडाट आणते. गाडी धूर ओकू लागली की दोष कार्बोरेटरवर ढकलला जाई. मालक जेट बदलून घेई, निडल खाली करून घेई, आणि मूळ गुन्हा टाकीतच राही.

१२/
या धंद्याला आवर घालू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे जिवंत जाळण्यात आले. उत्तर महाराष्ट्रात त्या घटनेची स्मृती अजून ताजी आहे. पेट्रोलची शुद्धता हा तांत्रिक तपशील आहे असे वाटणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. काजळलेला प्लग कधीकधी एका खुनाच्या पार्श्वभूमीचा पुरावा असतो.

१३/
तिसरा थर इथेनॉलचा. योगायोग असा की त्याचीही सुरुवात मनमाडशी जोडलेली आहे. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले: महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड, उत्तर प्रदेशात बरेली. २००३ मध्ये नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०३० साठी ठेवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट पुढे ओढून २०२५ वर आणले गेले.

१४/
या धोरणाची बाजू दुबळी नाही. आयात तेलाचे परकीय चलन वाचते. साखर कारखान्यांना मळीपासून उत्पन्न मिळते. अलीकडे मक्यालाही मागणी आली आहे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. ऊस आणि मका या भागाला परके नाहीत. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या पिकाला या धोरणाने भाव मिळावा, त्याच शेतकऱ्याची वीस वर्षांची मोटारसायकल त्या धोरणाच्या झळा सोसते. एकाच घरात लाभ आणि तोटा एकत्र नांदतात. म्हणून सरधोपट घोषणा दोन्ही बाजूंनी अपुऱ्या पडतात.

१५/
तोटा कसा होतो ते हिशेबाने पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी धुरातील ऑक्सिजन मोजून इंधन वाढवते. कार्बोरेटरचे छिद्र मात्र तेवढेच राहते. परिणामी शुद्ध पेट्रोलसाठी जेट बसवलेल्या गाडीचे मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी लीन, म्हणजे इंधनाने कमी, होते; १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या गाडीचे ३ ते ४ टक्क्यांनी.

१६/
तोरणमाळचा घाट हेच गणित उलट्या बाजूने समजावतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. हजार मीटर चढले की हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ होते, आणि तोच जेट चार-पाच टक्के जास्त इंधन देऊ लागतो. गाडी जड होते, गुदमरते. अर्थात घाट उतरला की ती पुन्हा पूर्ववत. इथेनॉलचा बदल मात्र उतारावर संपत नाही. तो टाकीत भरलेला असतो.

१७/
लीन मिश्रणाची लक्षणे फिटरला पाठ असतात: थंड गाडी चोकशिवाय उचलत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, चढावर दम लागतो, इंजिन नेहमीपेक्षा तापते. टूस्ट्रोक गाडीत धोका अधिक, कारण तिचे वंगण पेट्रोलबरोबरच जाते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. भर उन्हात शेवटच्या थ्रॉटलवर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकते आणि हप्त्याने घेतलेली गाडी एका दुपारी भंगाराच्या भावाची होते.

१८/
आता वाटी उघडू. तळाशी मधासारखा पिवळा चिकट थर म्हणजे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले आटलेले पेट्रोल. पांढरी भुकटी म्हणजे इथेनॉलने हवेतून ओढलेल्या पाण्याने जस्ताच्या मिश्रधातूवर केलेला हल्ला. फुगलेली, काळी सोडणारी गॅस्केट आणि मऊ पडलेले फ्लोट व्हॉल्व्हचे टोक म्हणजे रबर जुन्या पेट्रोलसाठी बनल्याची खूण. जेटच्या छिद्रात ओरखडे असतील, तर कुणीतरी तार घालून तो साफ केला आहे. थर मिसळू न देता वाचले, तर गाडीचे चरित्र हाती येते.

१९/
तारेचा तो ओरखडा सर्वांत महाग. पितळ मऊ, तारेने छिद्र केसभर मोठे होते, पण वरचा आकडा तोच राहतो. त्यानंतर तो जेट खोटे बोलतो. कागदपत्रांच्या भाषेत हा मागाहून फेरफार केलेला मजकूर. म्हणून जेट द्रावणात भिजवून हवेच्या दाबाने साफ करावा, आणि शंका आली की सरळ बदलावा. आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो आकडा अजून खरा आहे ना, हे पाहणे म्हणजेच साधनचिकित्सा.

२०/
पुनर्बांधणीचा क्रमही शिस्तीचा असतो. आधी गॅस्केट, ओ-रिंग आणि फ्लोट व्हॉल्व्ह इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवायचे. मग फ्लोटची उंची मापात आणायची. इनटेकमधून हवा गळत नाही ना, टॅपेट आणि टायमिंग ठीक आहे ना, हे पाहायचे. त्यानंतरच जेटला हात. निडल एक खाच वर, मेन जेट एका वेळी एकच आकडा मोठा, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून प्लग पाहायचा. एकदम तीन गोष्टी बदलणाऱ्याला कशाने काय झाले हे कधीच कळत नाही.

२१/
या सर्वाची अधिकृत दखल किती? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने मान्य केले की, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटले की, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल.

२२/
ते वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावे. स्वस्त कुणासाठी? नेहमीची सर्व्हिसिंग कुठे? तालुक्याच्या गावी जाण्यात ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते, त्याच्या हिशेबात गॅस्केटची किंमत ही सर्वांत लहान रक्कम असते. शिवाय त्या निवेदनाचा भर रबरावर होता. गॅस्केट बदलल्याने मिश्रण सुधारत नाही. त्यासाठी जेटच बदलावा लागतो, आणि कोणत्या जुन्या गाडीला किती आकडा वाढवावा, याचा साधा तक्ता सामान्य फिटरपर्यंत पोहोचलेला नाही.

२३/
एक आक्षेप रास्त आहे. जुन्या गाड्या, विशेषतः टूस्ट्रोक, हवा दूषित करतात. त्यांच्याविषयीचा जिव्हाळा हा धोरणाला पर्याय होऊ शकत नाही. हे मान्य करावे लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला; तो योग्य रस्ता होता. प्रश्न नव्या गाड्यांचा नाही. ज्यांच्याकडे नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, त्यांच्या जुन्या गाडीचे आयुष्य कमी करणारा निर्णय त्यांना न विचारता, न सांगता व्हावा का, हा आहे. चुकीच्या जेटवर धावणारी गाडी प्रदूषणही वाढवते, हे आक्षेप घेणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

२४/
इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचे दार बंद झाले, तरी प्रशासनाचे उघडे आहे. मागणी माफक आहे. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. कंपन्यांनी आपल्या कार्बोरेटरच्या मॉडेलांसाठी वीस टक्के मिश्रणाचे जेट-तक्ते प्रसिद्ध करावेत आणि ते जेट सुट्या भागांच्या दुकानांत ठेवावेत. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. हे तक्ते तपासून देणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही.

२५/
उरते ते अभ्यासकांचे कर्तव्य. गावोगावच्या फिटरांची पिढी उताराला लागली आहे. शिसे गेले तेव्हा काय केले, रॉकेलच्या दिवसांत गिऱ्हाइकाला काय सांगितले, इथेनॉल आल्यावर कोणता आकडा वाढवला, याची उत्तरे त्यांच्या स्मरणात आहेत, आणि स्मरण हे सर्वांत लवकर उडून जाणारे इंधन. किल्ल्यांच्या नोंदी करणाऱ्या तरुणांनी एक दुपार गॅरेजमध्ये घालवावी, ध्वनिमुद्रण करावे, गाडीचे वर्ष आणि जेटचे आकडे टिपावेत.

२६/
आणि ज्याच्या घरी जुनी गाडी आहे, त्याने एवढे करावे: जेट बदलला की जुना फेकू नये. छोट्या पाकिटात घालून त्यावर तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचे कारण लिहावे. प्रकाश्याच्या टेकाडात खापराचा तुकडा आपल्या थरात सापडला म्हणून तो बोलला. थराबाहेर पडलेला तुकडा मुका असतो. कळसाडीच्या ओट्यावरील गाडीतून निघालेला पितळेचा जेट उद्या बोलावा असे वाटत असेल, तर त्याचा थर आजच लिहून ठेवला पाहिजे.

(समाप्त)